लसींच्या फ्रीजमधला डबा

कापूस फुटायला लागला की यवतमाळात कुणाच्याही कपड्यांवर तंतू दिसतो. शेताशी काही देणंघेणं नसलेल्याच्याही. एसटीच्या सीटवरून, दुकानाच्या पायरीवरून, दवाखान्याच्या बाकावरून तो कुठूनतरी येतो आणि चिकटतो. यंदाही वेचणी सुरू झाली आहे. सकाळी सातच्या सुमारास आमच्या घरावरून बायांनी भरलेला मालवाहू ऑटो घाटंजीच्या रस्त्याला जातो. डोक्याला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, आणि एकीच्या मांडीवर तान्हं. मी चहाचा कप घेऊन फाटकाशी उभी असते. ते तान्हं दिसलं की मनात प्रश्न सुरू होतात. याला दिवसभर कोण पाजणार, काय पाजणार, आणि विचारलं तर ही बाई खरं सांगेल का.

शेवटचा प्रश्न खास माझा. मी उभा जन्म नर्सिंगच्या शाळेत शिकवलं. हजेरीपटावर दुसरीची सही करणाऱ्या मुली, न घेतलेलं तापमान तक्त्यावर भरणाऱ्या मुली, असल्या पुष्कळ पाहिल्या. नवरा म्हणतो, तू भाजी घेतानासुद्धा तोंडी परीक्षा घेतेस. खोटं नाही. मेथीच्या जुडीवर पाणी मारलेलं दिसलं की मी ती भाजीवालीच्या डोळ्यांदेखत झटकते. निवृत्तीनंतर एका वर्षी मला जिल्ह्यातल्या दवाखान्यांचं आणि आरोग्य केंद्रांचं मूल्यांकन करायला बोलावलं, तेव्हा माझ्या या स्वभावाला पहिल्यांदाच कुणीतरी मान दिला. बाळंतिणीला अंगावर पाजायला तिथे किती मदत होते, ते आम्ही बघायचं. जन्मल्याबरोबर लेकरू छातीशी देतात का, पावडरचे डबे कुठे दडवलेत का, नर्सला पाजायला शिकवता येतं का, असे प्रश्न. माझ्यासोबत वर्षा होती. आहारशास्त्र शिकलेली, तिशीतली, हातातल्या टॅबवर भराभर खुणा करणारी. तिचा सगळ्यांवर विश्वास बसायचा, म्हणून माझं काम वाढायचं.

तो अख्खा मोसम आम्ही जीपमध्ये काढला. दिवाळी आटोपून संक्रांतीपर्यंत. सकाळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी शेतं आणि मध्येमध्ये तुरीचे हिरवे पट्टे. एका शेतात सीतादही चाललं होतं. वेचणीच्या मुहूर्ताला बायांनी पहिल्या बोंडांवर दहीभात शिंपडलेला, कापसावर दही पडलेलं कळतसुद्धा नव्हतं. त्यांनी आम्हाला हाक मारून प्रसाद दिला. दुपारी कुठल्यातरी उपकेंद्राच्या ओट्यावर डबा उघडायचा, गावातल्या कुणीतरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून द्यायच्या, त्या सोलता सोलता पुढच्या गावाचे कागद वाचायचे. झरी जामणीकडे गेलो तेव्हा जंगलात सागाची मोठमोठी पानं वाळून रस्त्यावर पडली होती आणि जीप त्यांच्यावरून गेली की मागून कुणी चालत येतंय असा आवाज यायचा. मी दोनदा मागे वळून पाहिलं. वर्षा हसली.

केंद्रात पाय ठेवला की आधी मी वास घेते. नव्या रंगाचा वास आला की समजावं, आपण येणार हे इथे आठ दिवसांपासून ठाऊक आहे. भिंतीवर आईच्या दुधाचं पोस्टर असतं. मी त्याचा कोपरा नखानं उचलून बघायची. चिकटपट्टी ताजी असली तर पोस्टर कालचं. मग बायांची उत्तरं. एका केंद्रात ओळीनं चौघींनी मला सांगितलं, ‘बाळाला सहा महिने निव्वळ स्तनपान देणार.’ आता स्तनपान हा शब्द आमच्याकडे कोणती बाई बोलते? ती म्हणते, पाजते. मी चौथीला विचारलं, ‘निव्वळ म्हणजे काय गं?’ ती घाबरून नर्सकडे बघायला लागली. नर्स खिडकीबाहेर बघायला लागली.

तरी मला त्या नर्सांचा राग यायचा नाही. राग यायचा तो नीटनेटकेपणाचा. जिथे खरंच लेकरं पाजली जातात तिथे थोडी घाण असते, दुपट्यांचा आंबूस वास असतो, कुणाचं तरी लेकरू रडत असतं आणि कुणाची तरी सासू भांडत असते. हे मला कळत होतं, आणि त्याचा मला गर्वही होता. गर्व होता हे आत्ता म्हणते. तेव्हा मी त्याला अनुभव म्हणायची.

राळेगावच्या बाजूच्या एका केंद्रात मात्र नव्या रंगाचा वास नव्हता. गावाचं नाव लिहीत नाही. पोस्टर जुनं होतं, एका कोपऱ्याला उन्हानं पिवळं पडलेलं. वॉर्डात तीन बाळंतिणी होत्या. सुनीता नावाची कंत्राटी नर्स त्यांच्यात वावरत होती. सत्ताविशीची असेल. त्याच भागातल्या एका बंजारा तांड्यावर तिचं सासर, त्यामुळे तांड्यावरच्या बायांशी ती त्यांच्या गोरबोलीत बोलायची आणि आमच्याकडे वळली की मराठीत. एका बाळंतिणीला कुशीवर निजून पाजायचं ती शिकवत होती. बोलणं कमी, हात जास्त. लेकराचं डोकं न दाबता मान कशी धरायची ते दाखवलं, मग स्वतःचे हात काढून घेतले आणि त्या पोरीला एकटीला करू दिलं. इतकं चांगलं मी माझ्या शाळेत क्वचित पाहिलं असेल.

आणि म्हणूनच मला संशय आला. इतकं चांगलं असेल तर दडवलेलं काहीतरी नक्की असणार, असं माझं गणित होतं.

मग मला गोष्टी दिसायला लागल्या. भर दुपारी वॉर्डात उकडत होतं, तरी सुनीतानं गणवेशावरून ओढणी घडी करून छातीशी आवळून घेतली होती. ओढणीखाली खिशात काही असेल का? आम्ही नऊला पोचलो होतो. दहाच्या सुमारास ती ‘आलीच जी’ म्हणून गेली आणि बराच वेळ आलीच नाही. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, ‘बाथरूमले.’ पण बाथरूम डावीकडे होतं आणि ती आली उजवीकडून. उजवीकडे हिरकणी कक्ष. आयांनी निवांत बसून पाजावं म्हणून केलेली खोली. तिला कुलूप.

‘हे बंद का?’ मी विचारलं.

‘बाया इथं बसत नाही जी. त्यायले खाटेवरच बरं वाटते.’

‘मग किल्ली कुणाकडे असते?’

तिनं कमरेची किल्ली चाचपली. ‘माह्याकडे.’

तिनं कुलूप काढलं. आत एक खुर्ची, एक छोटं टेबल, टेबलावर स्टीलची वाटी. वाटी ओली होती. बायका इथे बसत नाहीत, तर वाटी ओली कशी? मी वर्षाकडे पाहिलं. वर्षानं खुर्ची आहे, पंखा आहे अशा खुणा करून टाकल्या होत्या. मी वाटीचं काही बोलले नाही. परीक्षा घेताना मी कधी लगेच बोलत नाही.

वॉर्डात परत आल्यावर कोपऱ्यातल्या खाटेशी गेले. कविता नावाची मुलगी, आदल्या दिवशी बाळंत झालेली, पहिलंच लेकरू. उशाशी तिची सासू बसली होती, शेवंताबाई. शेतातून तशीच उठून आलेली दिसत होती. मी कविताला विचारलं, ‘पहिल्यांदा कधी पाजलंस?’

‘अर्ध्या घंट्यात,’ ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

‘आणि त्याआधी काही दिलं? मध, गुळाचं पाणी?’

‘नाही जी.’

सासू मध्येच म्हणाली, ‘मी म्हणत होती, चिकाचं दूध पिळून फेक म्हणून. आमच्यात तसंच करत. पण ह्या सिस्टरनं मले फेकू देलं नाही. मोठी खट आहे ती.’

मी लेकराकडे वाकले आणि त्याच्या ओठाच्या कडेला मला एक पांढरा तंतू दिसला. कापसाचा.

आमच्याकडे आईचं दूध आलं नाही की कापसाचा बोळा करतात. शेळीच्या किंवा गाईच्या दुधात बुडवायचा आणि थेंब थेंब लेकराच्या तोंडात पिळायचा. पिढ्यान् पिढ्या असंच. दूध कुठलं, कापूस कुठला, कुणी बघत नाही, आणि मग लेकरू जुलाबानं आजारी पडून दवाखान्यात येतं. मी ती लेकरं पाहिलेली आहेत. त्यामुळे तो तंतू बघितला आणि सकाळपासूनचं सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत आलं. ओली वाटी, कुलूपबंद खोली, आवळून घेतलेली ओढणी. हे केंद्र आम्हाला दाखवायला एक करतं आणि पाठीमागे लेकरांना वरचं दूध पाजतं. आता फक्त दूध सापडायचं राहिलं होतं.

आमच्या फॉर्मात लसींच्या फ्रीजचा काही संबंध नव्हता. तरी मी तिकडे गेले. लसींच्या फ्रीजमध्ये लसींशिवाय काहीही ठेवायचं नाही हा नियम माझ्या विद्यार्थिनींनी माझ्याकडून हजार वेळा ऐकलेला आहे. मी झाकण उचललं. लसींच्या टोपल्यांच्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला, घट्ट झाकणाचा, मुठीएवढा स्टीलचा डबा होता. उघडला. दूध. पातळ, वरती किंचित पिवळसर साय धरलेलं.

मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. डबा घेऊन मी वॉर्डात आले. तिथले डॉक्टर तोवर खाली येऊन वर्षाशी बोलत उभे होते. मी डबा सगळ्यांसमोर धरला. ‘हे कुणाचं?’

सुनीता भिंतीशी उभी होती. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

‘शेवंताबाई, तुम्ही आणलंत का? शेळीचं आहे?’

‘नाही वो माय. मी कायले आणू? माह्याजवळ शेळीच नाही.’

‘मग तुमच्या नातवाच्या तोंडाला कापूस कुठून आला?’

शेवंताबाईनं स्वतःच्या पदराकडे पाहिलं. ‘मी वावरातून आली ना जी, थेट. माह्या अंगाले सगळीकडे कापूसच आहे. तुमच्याबी आहे पाहा, खांद्यावर.’

मी खांद्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर ओशाळून म्हणाले, ‘मॅडम, मी चौकशी करतो.’ लसींच्या फ्रीजमध्ये हे सापडलं याची त्यांना जास्त काळजी होती, तेही मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘चौकशी नंतर करा. हे आधी लेकरांपासून लांब गेलं पाहिजे.’ वॉर्डाच्या टोकाला हात धुवायचं बेसिन होतं. मी सगळ्यांच्या देखत डबा त्यात उपडा केला आणि नळ सोडला.

सुनीता एक पाऊल पुढे आली आणि थांबली. तिचा हात ओढणीवर गेला होता.

एवढ्यात बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. दोनदा. गाडी केंद्राच्या फाटकाशीच उभी राहिली होती, जिथे थांबा नाही. कंडक्टर उतरून आत आला, चपला दारात काढल्या, आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाला, ‘सिस्टर, द्या लेकराचा डबा. आज पाच मिनटं लेट झालो.’

पुढचं सुनीतानं समजावून सांगितलं नाही, कंडक्टरच्या आणि बाळंतिणींच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं. सुनीताचं लेकरू चार महिन्यांचं. तिची बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवून मागितली तर पुढचा करार होईल की नाही याची तिला भीती वाटत होती, म्हणून ती कामावर आली. तांड्यावर जाऊन यायला दीड तास. म्हणून सकाळी आल्या आल्या आणि मग मधून एकदा ती हिरकणी कक्षात आतून कडी लावून बसायची, दूध वाटीत काढायची, डब्यात घालून थंड ठेवायची. एसटी तांड्याच्या फाट्यावरूनच जायची. तिथे तिची सासू उभी असायची, आणि डबा घेऊन चमच्यानं नातीला पाजायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर बदलायचे, पण डबा चुकायचा नाही. इतरांच्या लेकरांना आईचं दूध मिळावं म्हणून राबणारी बाई स्वतःच्या लेकराचं दूध एसटीनं पाठवत होती, आणि ते मी नळाखाली वाहून घालवलं होतं.

‘आज नाही जी डबा,’ सुनीता कंडक्टरला म्हणाली. ‘जा तुम्ही. गाडीले उशीर होते.’

कंडक्टर गेला. गाडी निघाल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, ‘अगं, सांगायचं ना.’ ते चांगले होते, पण त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. फ्रीजकडे जाऊन त्यांनी तिची ओली चिंधी बाहेर काढली, झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. मी तिला म्हटलं, ‘सुनीता, मला माहीत नव्हतं.’ ती म्हणाली, ‘हौ मॅडम, तुम्हाले कसं माहीत असन.’ आणि कविताच्या लेकराला छातीशी लावायला गेली, कारण ते रडायला लागलं होतं.

घरी परतताना वर्षा जीपमध्ये टॅब बंद करून बसली होती. बाहेर शेतात बाया वाकून वेचत होत्या. मला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती, आणि ती इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेली नाही. माझा थोरला तीन महिन्यांचा असताना, शाळेत शिकवायला लागायच्या आधी, मी वॉर्डात ड्युटीवर परत रुजू झाले होते. दुपारी छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा. तेव्हा मीसुद्धा ओढणीसारखा पांढरा टॉवेल गणवेशाच्या आतून आवळून घ्यायची. आणि बाथरूममध्ये जाऊन दूध मोरीत पिळून टाकायची, कारण ते कुठे पाठवता येतं हे मला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी एसटी थांबवायची हिंमत झाली नसती. महिन्याभरात माझं दूध आटलं. मी सगळ्यांना सांगितलं, मला मुळात कमीच होतं. सगळ्यांनी ते मान्य केलं, सासूनं, नवऱ्यानं, हळूहळू मीही. जी खूण मी स्वतःच्या अंगावर बाळगली होती, ती दुसरीच्या अंगावर बघून मी तिच्या खिशात काय दडवलंय याचा विचार करत होते.

रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा वर्षानं विचारलं, ‘डब्याचं काय लिहायचं?’

फॉर्म मी पुन्हा वाचला. बाळंतिणीला विचारायचे प्रश्न होते, सासूला विचारायचे होते, नर्सला काय येतं ते तपासायचे होते. नर्सच्या घरी तान्हं लेकरू आहे का, तिला पाजायला सुट्टी मिळते का, हा प्रश्न कुठेच नव्हता. लसींच्या फ्रीजचा नियम मोडला हे लिहिलं तर सुनीताचा करार धोक्यात. नाही लिहिलं तर अहवाल खोटा. मी वर्षाला सांगितलं, लिहू नको. तिला बरं वाटलं. ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही सुनीतासाठी केलंत.’

तेव्हापासून मी स्वतःची उलटतपासणी घेते आहे. डब्याचं लिहिलं असतं तर तो कुणी रिकामा केला हेही लिहावं लागलं असतं. मग मी सुनीताला वाचवलं, की स्वतःला? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवला नसता. केंद्राला चांगले गुण मिळाले. हिरकणी कक्षाच्या रकान्यात आम्ही ‘सुसज्ज’ लिहिलं.

यंदा वेचणी सुरू झाली आणि मला पुन्हा फोन आला. नवी फेरी आहे, तुमच्यासारखी बारकाईनं बघणारी माणसं लागतात, असं म्हणाले. दोन दिवसांत कळवते म्हटलं. आज पाचवा दिवस आहे. फोन वाजला की नवरा माझ्याकडे बघतो आणि मी पेपर उचलते.

एक गोष्ट अजून लिहायची राहिली. त्या वर्षी फरदडीच्या वेळी, शेवटचा कापूस निघत होता तेव्हा, मी एकटीच एसटीनं त्या तांड्याच्या फाट्यावर उतरले. माफी मागायची होती. लोकरीचं टोपडं विणून नेलं होतं. केंद्रात मुद्दामच गेले नाही, सुनीता ड्युटीवर असेल अशी वेळ काढून गेले. आता विचार केला की तेही संशयास्पदच वाटतं. माफी मागायची तर तिच्याकडे जायला हवं होतं, तिच्या घरी तिच्यामागे कशाला?

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात पदराला आरसे लावलेली एक म्हातारी ऊन खात बसली होती. सुनीताची सासू. तिच्या मांडीवर लेकरू होतं, गुटगुटीत, काजळ घातलेलं, आणि त्याच्या तोंडात बाटली. रबरी निपलची, प्लास्टिकची, अर्धी भरलेली. मी ती बाटली बघितली आणि मला काय बोलायचं होतं ते विसरले.

‘सिस्टरच्या ओळखीची आहे,’ मी म्हटलं. ‘इकडे आले होते, म्हटलं लेकराला बघून जावं.’

तिनं बाजेवर बसायला जागा केली, आत सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सुनीताच्या जावेला. मग आपणहूनच बोलायला लागली. ‘पहिले डबा यायचा ना जी, एसटीनं. मी रोज फाट्यावर उभी राहायची. एक दिवस गाडी आली न डबा आलाच नाही. पोट्टी रडूरडू बेजार. मंग कळलं, तपासनीला कोणी मॅडम आलती, तिनं याडीचं, पोट्टीच्या मायचं दूध मोरीत फेकून देलं. मंग डॉक्टरनं फ्रीजले कुलूप लावलं. सून म्हणे, आता डबा नाही पाठवत, कोणी पाहीन. तिचं दूधबी आटलं मंग. महिनाभरात आटलं.’

तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. मग तिनं डोळे बारीक केले आणि माझा चष्मा, माझी पर्स, माझी सुती साडी, सगळं एकदा नीट न्याहाळलं. इतकी वर्षं मी लोकांकडे असंच बघत आले आहे, त्यामुळे ती नजर मला लगेच कळली.

‘ते मॅडम तुम्हीच त नाही ना जी?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्या दुसऱ्या. त्यांची बदली झाली.’

बदलीचं मला का सुचलं, माहीत नाही. न विचारता जास्तीचं सांगतात ती माणसं खोटं बोलत असतात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे.

म्हातारीनं माझ्याकडे आणखी एकदा पाहिलं. मग तिचा चेहरा सैल झाला. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘मले उगाच शंका आली. घ्या, घ्या तिले जरा, मी चहा पाहतो.’ आणि बाटलीसकट लेकरू माझ्या मांडीवर ठेवून ती आत गेली.